वॉर्डातली सिस्टर वाड्यावर पाठवताना

“बेड कुठाय?”

नव्या सिस्टरने घरात शिरल्याशिरल्या मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं मातीचं घर, आत चुलीचा धूर, बाळ आजीच्या पसरलेल्या पायांवर पालथं, आणि ही दारात बॅग धरून उभी. मुलगी हुशार होती. लहान मुलांच्या वॉर्डात दीड वर्ष काढलेलं, दोन दिवसांच्या बाळाची शीर पहिल्या टोचणीत सापडायची तिला. पण वॉर्डात बाळ आपल्या ताब्यात असतं आणि घरचे बाहेर बाकावर. इथे बाळ आजीच्या ताब्यात, बाकावर बसायची पाळी आपली.

मी सत्तरी आणि डिचोली मिळून एकतीस वर्षं घरोघर जाणाऱ्या सिस्टरची ही नोकरी केली. शेवटची दहा-अकरा वर्षं नव्या मुलींना फील्डवर उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणी तसा आदेश काढला नव्हता. डॉक्टर म्हणायचे, “सिस्टर, हिला जरा बरोबर घेऊन फिरा.” घेऊन फिरणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे कळायला माझी दोन वर्षं गेली. पुढे ज्या सीनियर सिस्टरच्या किंवा ट्युटरच्या वाट्याला हे काम येईल तिच्यासाठी मी ज्या क्रमाने करायचे त्या क्रमाने लिहिते. सहा आठवडे मागून घ्या. मिळतात चार.

पहिल्या आठवड्यात तिची बॅग काढून घ्या. वजनकाटा नाही, रजिस्टर नाही. छत्री, पाण्याची बाटली आणि शाळकरी वही एवढंच. वहीत वाड्याचा, म्हणजे गावातल्या वस्तीचा, नकाशा काढायला लावा. विहीर, नळ, संडास, अंगणवाडी, सातेरीचं देऊळ, कदंब बस थांबते ती जागा. शेवटची बस किती वाजता सुटते तेही नकाशावरच लिहायचं, कारण बाळ आजारी पडतं ते बहुतेक त्या बसनंतर. मग घर, घराच्या पुढ्यात बारीक अक्षरात: दुपारी घरी कोण असतं.

हे शेवटचं मी काजूच्या हंगामात शिकले. मार्च ते मे सत्तरीतल्या कितीतरी बायका उजाडायच्या आत बागायतीत बोंडू (काजूची फळं) गोळा करायला गेलेल्या असतात. नवी सिस्टर अकरा वाजता जाते, कुलूप बघते, रजिस्टरात “घर बंद” लिहिते. तीनदा “घर बंद” लिहिलं की तिच्या दृष्टीने काम झालं. त्या दिवसांत आम्ही संध्याकाळी साडेपाचनंतर जायचो, नाहीतर सरळ बोंडू मळतात तिथे. झाडाला झोळी बांधलेली, बाळ त्यात झोपलेलं. तपासायला याहून निवांत जागा नाही, फक्त मुंग्या सांभाळायच्या.

देशात बाकी सगळीकडे दारोदारची ओळख आशाताईकडून होते. गोव्यात आशाताईच नाहीत. म्हणून इथे तुमची वाट अंगणवाडी सेविकेच्या दारातून जाते. नव्या मुलीला एक अख्खी सकाळ अंगणवाडीत बसवा, काही न विचारता. कोणती सून माहेरी गेली, कुणाचं दूध तुटलं, कुणाच्या घरात दारू वाढली, हे सेविकेला आपल्याआधी ठाऊक असतं. तिची एक तक्रार कायम असते: “सिस्टर येतात त्या फक्त यादी मागायला.” ती तक्रार खरी आहे, आणि नव्या मुलीने ती तिच्या तोंडून ऐकलेली बरी.

दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट. श्वास मोजणं.

मुली हसतात. तीन वर्षं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरलेले असतात ना. मग मी त्यांना माझी गोष्ट सांगते. १९९५ च्या पावसात, चवथीच्या आधी, दहा महिन्यांचं खोकलणारं बाळ होतं. नदीला पाणी चढत होतं, मला परत जायची घाई. मी अर्धा मिनिट मोजलं, बावीस आले, दुप्पट करून चव्वेचाळीस लिहिलं आणि आईला म्हटलं, काळजी नको, सर्दी आहे. रात्री त्याने दूध ओढायचं सोडलं. आईनेच कुणाच्या तरी जीपमधून त्याला हॉस्पिटलात नेलं, तिथे न्यूमोनिया निघाला. पोरगा वाचला, आज साखळीच्या बाजारात पिकअप चालवतो आणि मला हात करतो. पण ते चव्वेचाळीस खोटं होतं. लहान बाळ घड्याळासारखा श्वास घेत नाही. भरभर चार घेतं, थांबतं, पुन्हा घेतं. अर्ध्या मिनिटात थांबा सापडला की आकडा कमी येतो.

म्हणून अख्खा मिनिट. बाळ आईच्या मांडीवर, शांत. पीत असेल किंवा रडत असेल तर थांबा, झोपलं असेल तर उत्तम. झबलं स्वतः वर ओढू नका, आईला ओढायला सांगा. मोबाईलवर एका मिनिटाचा गजर लावा म्हणजे डोळे घड्याळाकडे जात नाहीत. बघायचं पोट: वर गेलं, खाली आलं, एक. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्ष पुरं होईपर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्यावर आले तर पुन्हा एकदा मोजायचे. मोजताना छातीचा खालचा भागही बघायचा. श्वास आत घेताना तो बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जात असेल तर आकड्याची वाट बघू नका.

शिकवायची माझी रीत अशी. मी बोट वर केलं की दोघींनी मनातल्या मनात मोजायचं, गजर झाला की आकडा आपापल्या तळहातावर लिहायचा, मग हात उघडायचे. तीनपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा. लागोपाठ पाच मुलांचे आकडे जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि ही पाच मुलं धडधाकट हवीत. अंगणवाडीत मिळतात. निरोगी पोट कसं हलतं हे डोळ्यांत बसलं नसेल तर आजारी पोट ओळखणार कसं? वॉर्डातून आलेल्या मुलीची खरी अडचण हीच. तिने निरोगी मूल पाहिलेलंच नसतं.

मग नव्या बाळाच्या भेटी. गोव्यात बाळंतपणं जवळजवळ सगळी हॉस्पिटलातच होतात, त्यामुळे बाळ घरी येतं ते दोन-तीन दिवसांचं, टोचलेलं, गुंडाळलेलं. भेटी ठरलेल्या: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. या सहांपैकी मला विचाराल तर तिसरा आणि सातवा दिवस कुणालाही चुकवू देऊ नका. बाळ बिघडतं ते याच दिवसांत.

घरात शिरल्यावरचा क्रम मी पाठ करून घेते. चपला बाहेर. “च्या घे” म्हणतील. “आदीं च्या घे, मागीर उलय.” आधी चहा घे, मग बोल. घ्यायचा. तो होईपर्यंत नुसतं बघायचं: बाळ कुणाजवळ आहे, अंगावर किती कपडे, खोलीत किती धूर, आई बसताना कळवळते का. मग साबणाने हात. बाळ झोपलेलं असताना श्वास. मग हाताची मागची बाजू आधी पोटाला, मग पावलाला. पोट ऊबदार आणि पाऊल गार असेल तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार असतील तर ताबडतोब आईच्या छातीशी, कातडीला कातडी, वरून पांघरूण. थर्मामीटर काखेत लावायचा तो यानंतर. काविळीसाठी बाळाला उजेडात न्यायचं. आमच्या जुन्या घरांत दिवसाही अंधार असतो, तेव्हा छपरात काचेचं कौल असेल त्याखाली, नाहीतर पडवीत. बल्बच्या पिवळ्या उजेडात सगळीच बाळं पिवळी. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर त्याच दिवशी पाठवायचं. नाळेवर काही लावलेलं नसावं, पावडर नाही, तेल नाही, हळद नाही. शेवटी कपडे काढून वजन. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, दोन आठवड्यांत ती भरून यायला हवी. आईला आकडा सांगताना आधीचा आकडाही सांगा. नुसतं “दोन किलो आठशे” म्हणून तिला काय कळणार?

बाळाचं झालं की आईकडे वळायचं, आणि इथे सासू आड येते. सून तिच्यासमोर तोंड उघडत नाही. माझी युक्ती अशी की मी सासूला म्हणते, “आजी, तुमची ती मिरवेल, मिरीची वेल हो, दाखवा बघू,” आणि तिला परसात नेते. मागे नवी सिस्टर आणि बाळंतीण दोघीच. स्तन दुखतात का, झोप लागते का, रडू येतं का, कुणी हात उगारतं का. दहा मिनिटं पुरतात. मिरवेलीविषयी माझं ज्ञान त्यामुळे बरंच वाढलं.

आता भांडणाविषयी. नव्या मुलीला घरात सतरा चुका दिसतात आणि ती सतराही एकदम सांगते. माझ्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं. काजळावरून एका आजीला झापलं, तर पुढचे तीन महिने त्या घरात मला “बाळ निजलंय” हेच उत्तर मिळालं. तेवढ्यात दोन डोस लांबले. तेव्हापासून मी प्रतवारी लावते. पहिल्या सहा महिन्यांत घुटी, मध, पाणी, गूळपाणी: इथे भांडायचं, गोडीने पण हटून. नाकाकानांत तेल: इथेही. धुरी: तिच्यावर वाटाघाटी. बाळाला न्हाऊमाखू घालून दुसऱ्या खोलीत ठेवा, धुरी या खोलीत करा, दारं उघडा, मग बाळाला आणा. “बाळाक दिश्ट लागता” म्हणून काजळ हवंच असेल तर डोळ्यांत नको, तळपायाला किंवा कानामागे तीट लावा. तीट दिसली म्हणजे आजीचंही समाधान. वाळे, काळा दोरा, उशाखालची सुरी? दोरा घट्ट नाही आणि सुरी बाळाच्या हाताला लागत नाही एवढं बघून गप्प बसायचं. एका भेटीत एकच गोष्ट बदलायला सांगायची, दोन नाही. मोठ्या ट्युटरना हे पटत नाही, मला माहीत आहे.

लसीकरणाचा दिवस मुलींना बहुतेक येतो, म्हणून त्यावर मी फार वेळ घालवत नाही. तीन ठिकाणी मात्र चुकतात. डीप फ्रीझरमधला आइसपॅक तसाच लसीच्या कॅरिअरमध्ये ठेवतात. तो बाहेर काढून घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवला की आत पाण्याचा आवाज यायला हवा, मगच आत. नाहीतर पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) गोठते, आणि गोठून वितळलेली पेंटा फुकट. दुसरं, व्हायलवरच्या व्हीव्हीएमकडे, म्हणजे लस उष्णतेने बिघडली का ते दाखवणाऱ्या खुणेकडे, न बघता टोचतात. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच ती वापरायची. बीसीजी (क्षयाची) किंवा एमआर (गोवर-रुबेलाची) लस एकदा तिच्या द्रावणात मिसळली की चार तास, पुढे फेकायची, कितीही उरली तरी. तिसरं, टोचून झालं की मुलं पळतात. अर्धा तास बसवून ठेवायचं आणि त्या अर्ध्या तासात आईकडून चार उत्तरं वदवून घ्यायची: आज कोणती लस दिली, पुढची कधी, ताप आला तर काय करणार, कार्ड कुठे ठेवणार. आपण सांगायचं नाही, तिने सांगायचं. कार्डाची गोष्ट बांधकामावरच्या बायकांकडे जास्त महत्त्वाची. कर्नाटकातून आलेली आई दोन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात असते आणि कार्ड गावी ट्रंकेत. तिच्यासाठी मोबाईलवर कार्डाचा फोटो काढून द्या, नवऱ्याच्याही मोबाईलवर. आणि मुलीला थोडं कानडी शिकायला लावा. “ज्वर”, “हालु”, “नाळे बन्नी”. ताप, दूध, उद्या या. एवढ्यावर पुष्कळ निभतं.

जुलाबाचा पाठ स्वयंपाकघरात. ओआरएसचं पाकीट अख्खं, एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात नाही, कारण पूड सारखी वाटली जात नाही. पण घरात लिटरचं माप कुठे असतं? बिसलेरीची रिकामी लिटरची बाटली गोव्यात कुठल्याही घरी सापडते. गळ्याशी नेलपॉलिशने रेघ मारायची. मग आपण हात मागे बांधून उभं राहायचं आणि आईला करू द्यायचं: हात धुणं, उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत, पाकीट, हलवणं, चव बघणं. अश्रूंपेक्षा खारट नको. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. वाटी-चमचा, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालू, मोठ्या मुलाला मीठ घातलेली पेज चालू.

जुलाबात द्यायच्या झिंकच्या गोळ्या मात्र दगा देतात. सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्याला १०, तेही चमचाभर आईच्या दुधात विरघळवून, एकूण १४ दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) फडताळावर जातो. नवी मुलगी समजावते, आई मान हलवते, गोळ्या उरतात. मी पत्त्याच्या मागे प्रत्येक गोळीवर पेनाने तारीख लिहून देते. अडाणीपणा म्हणा, पण चालतं.

कुपोषण बघायची दंडाची पट्टी अर्ध्या दिवसात येते. सहा महिने ते पाच वर्षं, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी रुतेल इतकी ओढायची नाही. घेर ११.५ सेंटिमीटरखाली असेल तर अतितीव्र कुपोषण, आणि दोन्ही पावलांवर सूज असेल तर दंड बघायचीही गरज नाही. ११.५ ते १२.५ वाल्यांच्या घरी मी आहाराचं भाषण देत नाही. काल काय शिजलं विचारते. नाचण्याची तिझन (लापशी) गोव्यात प्रत्येक आजीला करता येते. ती सोडून बाजारातला डबा का आणला, हे तिच्याच तोंडून निघू दे.

कुत्र्याचं एक मध्येच सांगून टाकते, कारण मुलं चावून घेतात आणि घरी सांगत नाहीत. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. मग लगेच लस घ्यायला केंद्रात.

आणि पाठवायचं कधी, कसं. पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटका आला, सुस्त पडलंय किंवा शुद्धीत नाही: यातलं एकही दिसलं की १०८. हे पाठ असतं सगळ्यांना. पाठ नसतं ते पुढचं. घर “नाही” म्हणतं तेव्हा ते बाळाला नाही म्हणत नसतं. गोठ्यात गाय विणार असते, थोरला शाळेतून तीनला येतो, नवरा खाणीच्या ट्रकावर, हाताशी पैसे नाहीत. “बाळ मरेल” म्हणून धमकावणारी सिस्टर मी पाहिली आहे. आई रडत होती आणि तरी उठत नव्हती. विचारायचं: थोरल्याला कोण बघेल? शेजारीण तयार झाली की आई आपोआप चपला घालते. चिठ्ठीवर मोजलेला श्वास, तापमान, वेळ, काय दिलं, सगळं लिहायचं. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात रात्री बारा वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला “रेफर्ड फॉर मॅनेजमेंट” एवढ्याचा काय उपयोग? वाटेत बाळ छातीशी, आणि ओढत असेल तर दूध चालू.

शेवटच्या आठवड्यात तिला एकटी सोडा. परीक्षा घेऊ नका. ती गेली त्या घरांत तीन-चार दिवसांनी आपण जायचं, तिला न सांगता, आणि तिच्याविषयी चकार शब्द न काढता बसायचं.

त्या “बेड कुठाय” वालीच्या मागे मी अशीच गेले. घरी आजी एकटी, नात पडवीत खेळतेय. जुलाब थांबले होते. मीच शेवटी विचारलं, सिस्टर आली होती का? आजी नाराज दिसली. “आयिल्ली. पूण तिणें म्हाका कांयच सांगूंक ना. म्हाकाच विचारीत बसली.” आली होती, पण सांगितलं काहीच नाही, उलट आजीलाच विचारत बसली.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. चुलीवरच्या फळीवर लिटरची रिकामी बाटली धुऊन उपडी घातली होती, गळ्याशी लाल रेघ. शेजारी झिंकचा पत्ता. गोळ्या मोजल्या. पाच उरल्या होत्या, आणि तो नववा दिवस होता.